धूर की धुकं

माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या मावशीनं सगळीकडे "मुलगा डॉक्टर आहे" एवढंच सांगितलं. कसला डॉक्टर, असं कुणी विचारलं की ती चहा टाकायला आत जायची. नवरा व्हेट आहे, म्हणजे गुराढोरांचा डॉक्टर. लंडनला आल्यावर त्यानं इथली परीक्षा दिली आणि एजवेअरच्या एका दवाखान्यात कुत्र्या-मांजरांकडे बघू लागला. आम्ही ईलिंगला राहायचो आणि मी तिथल्याच एका शाळेत गणित शिकवायचे. त्याचं काम बरं चाललं होतं, पण त्याला ते मानवत नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन म्हणायचा, मी गाईम्हशींसाठी शिकलो आणि इथे बोक्यांना वजन कमी करायला सांगत बसलोय, आणि तेही ऐकत नाहीत.

मुलगी युनिव्हर्सिटीला गेली त्या वर्षी त्याला वेल्सच्या अगदी मधोमध, मेंढ्या आणि गुरं पाळणाऱ्यांच्या एका काउंटीत नोकरी मिळत होती. मी म्हटलं, दोन वर्षं बघू. ती दोन वर्षं अजून संपलेली नाहीत.

आमची काउंटी म्हणजे डोंगर, गवत आणि मेंढ्या. मधूनमधून माणसं. इथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आहेत हे लोक अभिमानानं सांगतात, आणि मेंढ्यांचा स्वभाव बरा, असंही जोडून देतात. नवऱ्याला पहिल्या आठवड्यात एका गाईनं गोठ्याच्या भिंतीवर दाबलं, दुसऱ्या आठवड्यात मेंढ्यानं ढुशी दिली, आणि तो लग्नानंतर पहिल्यांदाच इतका आनंदात दिसला. त्याचे ओले कपडे मी मागच्या दारातच उतरवून घ्यायचे. वासाबद्दल काही लिहीत नाही.

लोक चांगले होते, पण "तुम्ही कुठले" हा प्रश्न इथेही सुटला नाही. लंडनहून आलो म्हटल्यावर पोस्टातल्या बाईंचा चेहरा पडला, जसं काही आमच्या घरात कुणी आजारी आहे. मूळ भारतातले असं सांगितल्यावर मात्र त्या खुलल्या. त्यांच्या आजोबांचा भाऊ सैन्यात असताना तिकडे राहिला होता, त्यामुळे भारत त्यांच्या ओळखीचा होता. लंडनमध्ये त्यांचं कुणीच नव्हतं. हळूहळू कळलं की बाहेरचे असण्यात आम्ही काही एकटे नाही. दुधाच्या टँकरवरचा माणूस लग्न करून पलीकडच्या खोऱ्यातून इथे आला होता. त्याला नातवंडं झाली, तरी तो अजून "त्या खोऱ्यातला"च होता.

आमचं घर डोंगरावर जाणाऱ्या एका अरुंद रस्त्यावर होतं. वर एक शेत, खाली एक शेत, मधे आम्ही. वरच्या शेतावर ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ एकटे राहायचे. बायको वारलेली, एकुलता मुलगा न्यूझीलंडला जाऊन स्थायिक झालेला, आणि तिथेही मेंढ्याच पाळणारा. खालच्या शेतावर त्यांच्याच वयाच्या एक बाई होत्या. त्याही एकट्या पडलेल्या, पण त्यांची नात त्यांच्याजवळ राहून शेत बघायची. घरात बोलताना आम्ही त्यांना वरचे काका आणि खालच्या काकू म्हणू लागलो. त्यामुळे पुण्याला माझ्या आईचा मोठा गोंधळ झाला. ते एकमेकांशी बोलत नाहीत असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, या वयात नवराबायकोनं असं वेगळं राहणं बरं दिसत नाही, तू मधे पड. ते नवराबायको नाहीत हे मी तिला कितीदा तरी समजावलं. तिला ते अजून पटलेलं नाही.

मधे पडायची वेळ माझ्यावर वेगळ्याच कारणानं आली.

गावातल्या हॉलच्या कमिटीनं एक प्रदर्शन करायचं ठरवलं होतं. या काउंटीत वस्ती कशी झाली, कोण कधी आलं, कुणी कुठे गुरं चारली, असा सगळा इतिहास लोकांना विचारून बोर्डांवर मांडायचा. अडचण अशी होती, की कमिटीतले सगळे एकमेकांचे चुलत नाहीतर मावस लागत होते. एकाच्या घराण्याबद्दल चांगलं लिहिलं की दुसऱ्याच्या पणजोबांचा अपमान व्हायचा. शेवटी कुणीतरी म्हणालं, व्हेटच्या बायकोला सांगा, ती कुणाचीच कुणी नाही. मला आयुष्यात मिळालेल्या नेमणुकांपैकी ही एकच अशी, जिच्यात पात्रता इतकी स्पष्ट सांगितली होती.

पहिल्यांदा मी वर गेले. काकांनी केटल ठेवली, कुत्र्याला खुर्चीवरून उठवलं, मला तिथे बसवलं आणि मी विचारायच्या आधीच सुरुवात केली. त्यांच्या खापरपणजोबांच्या काळी हा सगळा डोंगर गायरान होता. कुणाचाच नाही, आणि म्हणून सगळ्यांचा. तेव्हा गोरगरिबांत एक समजूत होती, की गायरानावर एका रात्रीत घर उभं केलं आणि उजाडायच्या आत त्याच्या धुराड्यातून धूर काढला, तर ते घर तुमचं. मग घराच्या कोपऱ्यावर उभं राहून कुऱ्हाड फेकायची. ती जिथे पडेल तिथपर्यंतची जमीनही तुमची. कायद्यात असं कुठेच नव्हतं, हे काकांना माहीत होतं. पण कायदा या डोंगरावर चढून आला तोपर्यंत, ते म्हणाले, आमची दुसरी पिढी इथे कोबी लावत होती.

खापरपणजोबांनी गवताची ढेकळं कापून आधीच साठवून ठेवली होती. भाऊ, मेहुणे, मित्र सगळे जमले, भिंती रचल्या, वर फांद्या टाकल्या, आणि खापरपणजीनं ओल्या लाकडावर फुंकर घालघालून पहाटे धूर काढला. हे सांगताना काका स्वतः तिथे हजर असल्यासारखे खोकत होते. मग त्यांनी मला बाहेर नेऊन कुऱ्हाड कुठून फेकली आणि कुठे पडली ते दाखवलं. मी गणिताची बाई. घराच्या कोपऱ्यापासून त्या कुंपणापर्यंतचं अंतर बघून मी मनात हिशेब करू लागले आणि लगेच थांबले. ती कुऱ्हाड फेकली नव्हती, सायकलवरून नेली असावी. मी एवढंच म्हटलं की तुमच्या पूर्वजांचा हात चांगला होता. ते म्हणाले, उतार होता ना.

दुसऱ्या दिवशी खाली गेले. काकूंच्या स्वयंपाकघरात मोठी लोखंडी शेगडी, तिच्यासमोर पेटीत एक अशक्त कोकरू, आणि टेबलावर केक. त्यांचे पूर्वज गुरं हाकणारे. रेल्वे नव्हती तेव्हा या डोंगरातली गुरं चालवत चालवत लंडनच्या बाजारात न्यायची, आणि वाटेत झिजू नयेत म्हणून त्यांच्या खुरांना पत्र्या ठोकायच्या. आपल्याकडे बैलांना ठोकतात तशाच. मी तसं सांगितल्यावर काकूंना माझ्याबद्दल पहिल्यांदा थोडा आदर वाटला. त्यांच्या घराण्यातला एकजण असा जाता-येता या खोऱ्यात थांबला, त्यानं रीतसर भाडेपट्ट्यानं जमीन घेतली, आणि तेव्हापासून ते इथे आहेत.

"रीतसर," असं त्या दोनदा म्हणाल्या. मग मी काय ऐकून आले असेन याचा अंदाज घेत त्यांनी विचारलं, "धुराचं सांगितलं असेल त्यांनी."

मी हो म्हटलं.

"धूर नव्हता तो. माझी खापरपणजी पहाटे दूध काढायला उठली होती. तिनं स्वतः वर बघितलं. धुकं होतं. या खोऱ्यात पहाटे धुकंच असतं."

म्हणजे त्यांच्या मते वरचं घर वेळेत पूर्ण झालंच नव्हतं, आणि वरची सगळी जमीन अजूनही गायरानच होती. दोन घराण्यांचं भांडण इतकंच होतं. मला वाटलं, हे काही कुणी इतकी वर्षं धरून बसणार नाही, आत दुसरं काहीतरी असेल. होतंही. काकांचा एक डोंगरी मेंढा एकदा भिंत ओलांडून काकूंच्या निवडक जातीच्या मेंढ्यांत घुसला आणि त्या वर्षी काकूंच्या शेतावर सगळी कोकरं काकांच्या मेंढ्याच्या तोंडाची जन्मली. काका म्हणाले, जात सुधारली. तेव्हापासून बोलणं बंद.

बंद म्हणजे सरळ बोलणं बंद. निरोप चालू होते, आणि ते माझ्या नवऱ्याच्या हाती जायचे. तो खाली एखाद्या अडलेल्या गाईची सोडवणूक करायला गेला, की काकू म्हणायच्या, वर जाणार असाल तर त्यांना सांगा त्यांचं गेट लटकतंय. वर गेला की काका म्हणायचे, खाली सांगा की गेट माझं आहे. नवऱ्याला हे काम फार आवडायचं. दोन्हीकडे केक मिळायचा. मी एकदा म्हटलं, तू हे भांडण मिटवायचा प्रयत्न का करत नाहीस. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्याला अर्ध्या पगारावर काम करायला सांगितलंय.

मग मीच प्रयत्न केला. दिवाळीला मी दोघांना फराळाला बोलावलं, आणि दोघांनाही दुसऱ्याबद्दल सांगितलं नाही. काकू नातीबरोबर आधी आल्या. काका कोट-टाय घालून आले, दारात काकूंचे बूट ओळखले, क्षणभर थांबले, आणि आत आले. परत जावं तर घाबरले असं दिसलं असतं. दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसले. मधे माझी मुलगी, सुट्टीला आलेली. तिचं मराठी लंडनमध्ये वाढलेलं. ती मला हळूच म्हणाली, "आई, हा दोघी एकमेकांना का बोलत नाही?" मी म्हटलं, नंतर सांगते, आणि व्याकरणही.

संध्याकाळभर काका नवऱ्याशी बोलले आणि काकू माझ्याशी. काकांना चिवडा आवडला. ते दुसऱ्यांदा घेऊ लागले तेव्हा काकू माझ्याकडे बघत म्हणाल्या, "त्यांना सांगा, तिखट आहे. रात्री खोकला वाढेल."

मी सांगितलं. काकांनी नवऱ्याला सांगितलं की खोकला धुरानं होतो, धुक्यानं होत नाही, आणि चिवडा घेतला. काकूंच्या नातीनं चकली तोंडात घालून हसू दाबलं. पाहुणे गेल्यावर मी हरल्यासारखी भांडी घासत होते. नवरा म्हणाला, "हरलीस कुठे? काकांना रात्री खोकला येतो हे काकूंना कसं माहीत?" मला तो प्रश्न सुचलाच नव्हता. पुढे कळलं, की काकू झोपण्याआधी अंगणात येतात आणि वरच्या घराचा दिवा मालवलेला बघून मगच दार लावतात. शांत हवेत खोकलाही ऐकू येतो.

प्रदर्शनाच्या बोर्डावर काय लिहायचं यावर मात्र पूर्ण हिवाळा गेला. मी लिहिलं, "त्या पहाटे धुराड्यातून धूर निघाला असं सांगतात." काकांना "असं सांगतात" नको होतं. काकूंना "धूर" नको होता. मी "धुरासारखं काहीतरी" असं करून बघितलं, तेव्हा दोघंही पहिल्यांदाच एकमतानं माझ्यावर नाराज झाले. शेवटी दोन बोर्ड केले. काकांचा हॉलच्या एका भिंतीवर, काकूंचा समोरच्या भिंतीवर, आणि मधे चहाचं मोठं भांडं. सगळी काउंटी येऊन गेली. लोक एक बोर्ड वाचायचे, चहा घ्यायचे, दुसरा वाचायचे, आणि बाहेर पडून आपापल्या घराण्याचं कसं चुकलंय ते मला सांगायचे. लोकांना बोर्ड इतके आवडले, की कमिटीनं ते कायमचे तिथेच ठेवले.

त्याच्या पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला नवरा वरच्या शेतावरून आला आणि जेवायला बसला तरी नुसतं ताट चिवडत होता. असा तो एखादी गाय दगावली की असतो. मी विचारल्यावर म्हणाला, काका विकतायत. कंबर आणि गुडघे दोन्ही गेले होते, डोंगर चढवत नव्हता, मुलगा परत येणार नव्हता. झाडं लावणारी एक कंपनी जमीन घ्यायला तयार होती. सगळीकडे पाइनची लागवड होणार होती. कळप बाजारात जाणार होता.

मला वाटलं, मेंढ्या दुसरीकडे जातील, त्यात काय. नवरा मूळचा माणदेशातला. त्याच्या लहानपणी धनगर मेंढ्या घेऊन यायचे, शेतात बसवायचे आणि पुढे जायचे. मेंढी म्हणजे चालती, अशीच आमची समजूत. त्यानं मला समजावलं की इथलं उलट आहे. वर डोंगरावरच्या चराईला कुंपण नाही. कुठल्या कळपानं कुठे चरायचं हे मेंढीला आईकडून कळतं, तिला तिच्या आईकडून. इथे त्याला हेफ्ट म्हणतात. जागा मेंढीच्या अंगात मुरलेली असते. कळप एकदा उचलून नेला की ते शिकवणारं कुणी राहत नाही. नवीन मेंढ्या आणल्या तर त्या पार रस्त्यापर्यंत भटकतात. "काकांच्या घराण्याची कुऱ्हाड कुठे पडली ते कुणास ठाऊक," तो म्हणाला, "पण त्यांच्या मेंढ्यांना हद्द बरोबर माहितीय."

दुसऱ्या दिवशी हाच निरोप त्यानं खाली नेला. कुणी सांगितला नव्हता, तरी नेला. काकूंनी त्या दिवशी केक दिला नाही, हे त्यानं घरी येऊन मला मुद्दाम सांगितलं. आठवडाभरानं सकाळी त्यांचा मला फोन आला. नात बाजाराला गेलीय, गाडी नाही, तुम्हाला वेळ असेल तर मला जरा वर सोडाल का. वर म्हणजे कुठे, असं मी विचारलं नाही.

त्यांनी चांगला कोट घातला होता. तेवढ्याशा चढणीवर त्यांनी दोनदा मला गाडी हळू चालवायला सांगितली, मी आधीच हळू चालवत असताना. आम्ही अंगणात शिरलो तेव्हा काका दगडी ओट्यावर बसून कुत्र्याच्या पायातला काटा काढत होते. ते उठले नाहीत. उठता येत नव्हतं की उठायचं नव्हतं, ते मला कळलं नाही. काकू त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी मधे उभी राहिले, सवयीनं, निरोप द्यायला. काकूंनी मला हातानं बाजूला केलं.

"मेंढ्या विकायच्या नाहीत," त्या म्हणाल्या.

काका कुत्र्याच्या पायाकडे बघत म्हणाले, "माझे पाय चालत नाहीत."

"मेंढ्यांचे चालतात ना."

मग त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. नात जमीन भाड्यानं घेईल. खालचं शेत आणि वरचं, दोन्ही बघेल. कळप आहे तिथेच राहील. काका घरातच राहतील, कुठे जायचं नाही. नातीशी बोलणं झालंय. ती हो म्हणालीय, आणि तिला कुणी भरीला घातलेलं नाही, हवं तर तिलाच विचारा. हे सगळं पाठ केलेलं होतं. संपल्यावर त्यांना दम लागला आणि त्या माझ्या गाडीला टेकल्या.

काकांनी काटा काढला, नीट बघितला आणि फेकून दिला. म्हणाले, "एक अट आहे. हॉलमधला तुमचा बोर्ड बदलायचा. तो धूर होता असं लिहायचं, आणि खाली तुमची सही."

मला वाटलं, झालं. इतकीच तर गोष्ट आहे, कोण बघतंय तो बोर्ड. मी काकूंकडे बघितलं आणि डोळ्यांनी म्हटलं, करून टाका.

काकूंनी गाडीचा आधार सोडला. "नाही," त्या म्हणाल्या. "ते धुकं होतं. मेंढ्या न्यायच्या तर न्या बाजारात." आणि त्या गाडीचं दार उघडून आत बसल्या.

काका हसायला लागले. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते, मग खोकला आला, मग दोन्ही. बऱ्याच वेळानं ते बोलू शकले. "हो म्हणाली असतीस तर दिलं नसतं मी," ते म्हणाले. "वाटलं असतं, जमिनीवर डोळा आहे."

इंग्रजीत तू आणि तुम्ही यांत फरक नसतो. पण त्या अंगणात मी उभी होते, आणि माझ्या कानांना ते "तू"च ऐकू आलं. काकूंनाही आलं असावं. त्या समोरच्या काचेतून सरळ बघत राहिल्या, पण गाडी सुरू करा असं म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळानं उतरून त्या त्याच ओट्यावर, दुसऱ्या टोकाला बसल्या आणि मला म्हणाल्या, आत केटल असेल, तुम्हाला घर ओळखीचं आहे. मी आत गेले. चहा होईपर्यंत बाहेर दोघं बोलत होते. काय बोलले ते मला माहीत नाही. मी कप घेऊन आले तेव्हा विषय गेटचा होता.

कंपनीला नकार गेला. न्यूझीलंडच्या मुलाचा फोन आला, तो आधी चिडला आणि मग कळपाचं ऐकून निवळला, असं काकांनी नवऱ्याला सांगितलं. नातीनं वरच्या धान्याच्या कोठारात स्वतःसाठी दोन खोल्या केल्या. नवऱ्याचं नुकसान झालं ते असं, की आता निरोप न्यायला काही उरलं नाही आणि केक एकाच ठिकाणी मिळू लागला. तो म्हणतो, कारभार एका हाती गेला की असं होतं.

काका-काकूंचं बोलणं सुरू झालं, पण गोड वगैरे झालं नाही. नातीला दोघं दोन सल्ले देतात. तिनं तिसरंच केलं की दोघं मिळून तिला नावं ठेवतात. मंगळवारी काकू काकांना बाजाराच्या गावी दवाखान्यात घेऊन जातात आणि वाटेत रेडिओ कुणाच्या पसंतीचा लावायचा यावर बरंच काही होतं. मी आईला पुण्याला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, शेवटी संसार तो संसार.

शरद संपत आला की डोंगरावरचा सगळा कळप खाली आणतात. सगळ्या शेतांवरची माणसं आणि कुत्री जातात, आणि जे चालू शकत नाहीत त्यांना कुंपणातल्या फटी अडवायला उभं करतात. गेल्या वर्षी पहिल्यांदाच नातीनं मला बोलावलं आणि ओढ्याजवळच्या एका फटीत उभं केलं. काम सोपं होतं. मेंढ्या आल्या की हात पसरायचे आणि हलायचं नाही. काका आणि काकू वरच्या वळणावर जुन्या जीपमध्ये बसून सगळं बघत होते.

मेंढ्या आल्या तेव्हा सगळा उतार हलतोय असं वाटलं. मी ते बघतच राहिले. हात पसरायचे राहून गेले आणि तीन मेंढ्या माझ्या बाजूनं निसटून ओढ्याकडे गेल्या. जीपची काच खाली झाली. काकूंनी मला जे ऐकवलं त्यात "मिसेस" नव्हतं, "प्लीज" नव्हतं, पाहुणीला म्हणतात तसं त्यात काहीच नव्हतं. त्यांच्या शेजारून काकांनी दुजोरा दिला. खालून माझा नवरा, गुडघ्यापर्यंत चिखलात, माझ्याकडे बघून इतका हसत होता की त्याच्याही समोरून एक निसटली.

मी बूट घट्ट केले आणि त्या तिघींच्या मागे ओढ्यात उतरले.